रंगाचा हिशेब मेंदू कसा मांडतो

इ. स. १८२४ मध्ये मिशेल यूजेन शेव्रल या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाची पॅरिस येथील गोबलँ या राजाश्रयी कारखान्यात रंगकामाचा संचालक म्हणून नेमणूक झाली. भिंतीवर टांगावयाच्या विणीव चित्रवस्त्रांसाठी हा कारखाना प्रसिद्ध होता. पदभार घेतल्यावर शेव्रलपुढे ज्या तक्रारी आल्या, त्यांतील एक मोठी चमत्कारिक होती. निळ्या व जांभळ्या वस्त्रांच्या चुण्यांत छाया दाखविण्यासाठी वापरलेला काळा धागा पुरेसा काळा दिसत नाही, त्यात जोर नाही, असे ते गाऱ्हाणे होते. धागा कच्चा, म्हणजे रंगखान्याचे काम हलके, असा त्याचा सरळ अर्थ होत होता.

शेव्रलने चौकशीचा रीतसर मार्ग धरला. फ्रान्समधील आणि परदेशांतील नामांकित रंगखान्यांतून काळ्या लोकरीचे नमुने मिळविले आणि आपल्या मालाशी ताडून पाहिले. गोबलँचा काळा कोणाहूनही कमी नव्हता. तेव्हा त्याच्या ध्यानात आले की, दोष धाग्यात नसून शेजारात आहे. गडद निळ्याशेजारी ठेवलेला काळा धागा किंचित पिवळसर-नारिंगी झाक घेतो आणि म्हणून विटका भासतो. शेजार बदलला की तोच धागा पुन्हा ठसठशीत दिसतो. या निरीक्षणातून सिद्ध झालेला रंगांच्या परस्परविरोधावरील त्याचा ग्रंथ १८३९ मध्ये प्रसिद्ध झाला आणि पुढे अनेक चित्रकारांनी व विणकरांनी तो मार्गदर्शक मानला.

रंगारी निर्दोष ठरला आणि तक्रार करणाराही खोटा ठरला नाही. परंतु त्यातून एक मोठा प्रश्न उभा राहिला. धाग्यावरून येणारा प्रकाश तोच, पाहणारा डोळाही तोच. मग रंग बदलला कसा? याचे उत्तर असे की, मेंदू रंग नुसता मोजत नाही. तो आलेल्या प्रकाशाची शेजाऱ्याशी तुलना करतो, दिव्याच्या उजेडाचा वाटा वजा करतो, पूर्वानुभव जमेस धरतो आणि मग जी शिल्लक उरते तिला आपण रंग म्हणतो. हा हिशेब नेमक्या कोणत्या पायऱ्यांनी होतो, हे गणितात मांडण्याचा प्रयत्न म्हणजे रंगदृष्टीचे संगणकीय प्रारूप. मेंदूत जे घडत असावे असे वाटते ते सूत्रांत लिहावयाचे, संगणकाकडून करवून घ्यावयाचे आणि माणसाला जे दिसते त्याच्याशी उत्तर जुळते का ते पाहावयाचे, अशी त्याची रीत आहे. जुळले तर कल्पनेला बळ येते. न जुळले तर चूक कोठे आहे ते कळते.

तीन खात्यांतील जमा

या विचाराची पहिली पायरी थॉमस यंग या इंग्रज वैद्य-शास्त्रज्ञाने १८०२ मध्ये मांडली. डोळ्याच्या पडद्यावरील प्रत्येक ठिकाणी असंख्य रंगांसाठी असंख्य ग्राहक असणे अशक्य. तेव्हा मोजकेच, बहुधा तीन, प्रकारचे ग्राहक असावेत, असा त्याचा तर्क होता. जर्मन शास्त्रज्ञ हेल्महोल्ट्झ याने तो पुढे विस्ताराने मांडला. आज आपल्याला ठाऊक आहे की, दृष्टिपटलावर सुमारे ६० लाख शंकुपेशी असतात आणि त्यांचे तीन प्रकार आहेत. एक प्रकार सुमारे ४२० नॅनोमीटर तरंगलांबीच्या, दुसरा सुमारे ५३० आणि तिसरा सुमारे ५६० नॅनोमीटरच्या प्रकाशाला सर्वाधिक प्रतिसाद देतो.

येथे एक बारकावा महत्त्वाचा आहे. शंकुपेशी आपल्याकडे प्रकाश किती आला एवढेच कळविते. तो कोणत्या तरंगलांबीचा होता हे कळवीत नाही. खात्यात रक्कम जमा झाल्याची नोंद व्हावी, पण ती कोणत्या नोटांत आली हे कोठेही लिहिलेले नसावे, तसा हा प्रकार आहे. म्हणून भिन्न घडणीचे दोन प्रकाश तिन्ही खात्यांत सारखीच रक्कम भरीत असतील, तर मेंदूला ते एकच वाटतात. दूरदर्शन संचाचा पडदा तांबडा, हिरवा आणि निळा या तीनच प्रकाशांवर सारी सृष्टी दाखवितो, त्याचे रहस्य हेच आहे.

कापडाच्या व्यापाऱ्याला मात्र हेच रहस्य अडचणीत आणते. साडीचा आणि ब्लाउजपीसचा रंग दुकानातील दिव्याखाली तंतोतंत जुळतो आणि बाहेर उन्हात नेताच दोन्ही वेगळे दिसू लागतात. दोन्हींत वापरलेली रंगद्रव्ये भिन्न असतात. एका उजेडात त्यांची तिन्ही खात्यांतील जमा सारखी येते, उजेड बदलला की ती सारखी राहत नाही. यात विक्रेत्याची लबाडी नाही आणि ग्राहकाचा हट्टही नाही. ठाण उंबऱ्यापाशी नेऊन दिवसाच्या उजेडात पाहण्याची जुनी रीत शास्त्रीयदृष्ट्या अगदी योग्य आहे.

या तीन खात्यांचे पहिले सर्वमान्य गणित १९३१ मध्ये आंतरराष्ट्रीय प्रदीपन आयोगाने प्रसिद्ध केले. इंग्लंडमध्ये राइट आणि गिल्ड या दोन संशोधकांनी स्वतंत्रपणे केलेल्या प्रयोगांवर ते आधारलेले होते. राइटने १० आणि गिल्डने ७ व्यक्तींची दृष्टी तपासली होती. एवढ्या थोड्या डोळ्यांच्या सरासरीवर उभारलेले हे कोष्टक आजही रंगमापक यंत्रांचा पाया आहे. तथापि ती सरासरी आहे, हे विसरता कामा नये. प्रत्येकाचा डोळा तिच्याशी बरोबर जुळेल असे नाही.

काहींच्या बाबतीत तर तीनपैकी एक खाते उघडलेलेच नसते. अणुसिद्धान्ताचा प्रवर्तक जॉन डाल्टन याने १७९४ मध्ये स्वतःच्याच रंगांधत्वाचे वर्णन केले. आपल्या डोळ्यांतील द्रव निळसर असावा, असा त्याचा समज होता आणि मृत्यूनंतर डोळे तपासावेत, असे त्याने सांगून ठेवले होते. १८४४ मध्ये तो वारला. द्रव स्वच्छ निघाला. जतन केलेल्या डोळ्याच्या पेशींतील गुणसूत्रद्रव्याची तपासणी १९९५ मध्ये झाली, तेव्हा मधल्या तरंगलांबीच्या शंकुपेशींचे रंगद्रव्य त्याच्याकडे नव्हते, असे दिसून आले. हा दोष बहुधा मातेकडून पुत्राकडे येतो. मातेला स्वतःला तो सहसा जाणवतही नाही. युरोपीय वंशाच्या पुरुषांत कोणत्या ना कोणत्या प्रमाणात तो सुमारे ८ टक्क्यांना असतो. ज्या घरांत मुलांनी पुढे कापड, रंग किंवा रत्ने यांचा व्यवसाय सांभाळावा अशी अपेक्षा असते, तेथे ठिपक्यांच्या तक्त्यांची पाच मिनिटांची तपासणी लहानपणीच करून घेणे शहाणपणाचे ठरते. ज्या मुलाला निष्काळजी म्हणून बोल लावला जातो, त्याचे कदाचित एक खातेच कमी असते.

बेरीज आणि वजाबाकी

तीन खात्यांनी सर्व उलगडा होत नाही, हे एवाल्ट हेरिंग या जर्मन शरीरशास्त्रज्ञाने १८७०च्या दशकात दाखविले. निळसर हिरवा दिसतो, पिवळसर तांबडा दिसतो. परंतु तांबूस हिरवा किंवा पिवळसर निळा असा रंग कोणालाही दिसत नाही. यावरून तांबडा-हिरवा, पिवळा-निळा आणि पांढरा-काळा अशा परस्परविरोधी जोड्या असाव्यात, असे त्याने प्रतिपादन केले. यंग आणि हेरिंग यांच्या अनुयायांत या प्रश्नावर दीर्घकाळ वाद चालला. १९५७ मध्ये लिओ हर्विच आणि डोरोथिया जेमसन या अमेरिकन दांपत्याने प्रयोग आणि गणित यांच्या साह्याने दाखविले की, दोन्ही पक्ष बरोबर आहेत. प्रथम तीन खात्यांत जमा होते आणि मग त्या रकमांची बेरीज-वजाबाकी होऊन विरोधी जोड्या तयार होतात. पुढे माकडांच्या मेंदूत अशी वजाबाकी करणाऱ्या पेशी प्रत्यक्ष आढळल्याही.

पण निसर्गाने ही वजाबाकी योजली कशासाठी? याचे सुंदर उत्तर गणिताने दिले. दृष्टिपटलावर प्रकाशग्राही पेशी सुमारे १० कोटी असतात. मात्र डोळ्यापासून मेंदूकडे जाणाऱ्या मज्जेत सुमारे १० लाखच तंतू असतात. वाट अरुंद, माल फार. त्यातच ५३० आणि ५६० नॅनोमीटरच्या शंकुपेशींचे संदेश बव्हंशी सारखेच असतात. दोन्ही जसेच्या तसे पाठविणे म्हणजे एकच खतावणी दोनदा टपालाने धाडण्यासारखे. १९८३ मध्ये बुक्सबाम आणि गॉटशाल्क यांनी गणित करून दाखविले की, कमीत कमी पुनरुक्तीने हा माल पाठवावयाचा असेल, तर एक बेरीज आणि दोन वजाबाक्या पाठविणे सर्वांत किफायतशीर आहे, आणि त्या वजाबाक्या हेरिंगच्या जोड्यांशी मिळत्याजुळत्या येतात. काटकसरीच्या एका तत्त्वातून रंगदृष्टीची घडण निघावी, ही या प्रारूपाची मोठीच कमाई होय.

उजेडाची वजावट

आता सर्वांत कठीण भाग येतो. वस्तूवरून डोळ्यात येणारा प्रकाश दोन गोष्टींचा गुणाकार असतो: दिवा किती प्रकाश टाकतो आणि वस्तू त्यातील किती परत पाठविते. मेंदूच्या हाती गुणाकारच येतो. त्याला हवी असते ती फक्त वस्तूची बाजू. तरीही दुपारच्या उन्हात आणि रात्री पिवळ्या दिव्याखाली आपल्याला पांढरे धोतर पांढरे आणि निळे कापड निळेच दिसते. हे कसे साधते?

पोलरॉइड कंपनीचा संस्थापक आणि स्वयंशिक्षित शास्त्रज्ञ एडविन लँड याने या प्रश्नाचा ध्यास घेतला. त्याने रंगीबेरंगी कागदांचे तुकडे जोडून मोठा फलक केला आणि त्यावर तीन प्रक्षेपकांतून तीन तरंगलांबींचे प्रकाश टाकले. मग त्यांची तीव्रता अशी बदलली की, एका कागदावरून येणारा प्रकाश यंत्राच्या मापात दुसऱ्या निराळ्या रंगाच्या कागदावरून आधी आलेल्या प्रकाशाएवढाच व्हावा. पाहणाऱ्याला तरीही प्रत्येक कागद आपापल्या मूळ रंगाचाच दिसत राहिला. जॉन मॅकॅन यांच्यासह त्याने १९७१ मध्ये याचे गणिती प्रारूप मांडले. ही क्रिया दृष्टिपटलात होते की मेंदूच्या बाह्य स्तरात, याचा निर्णय झालेला नसल्यामुळे दोन्हींची इंग्रजी नावे जोडून त्याने तिला रेटिनेक्स असे नाव दिले.

त्याचे मर्म एका लहानशा उदाहरणाने स्पष्ट होईल. आकडे केवळ समजुतीसाठी घेतले आहेत. एक निळे कापड तांबड्या प्रकाशाचा २० टक्के, हिरव्याचा ३० टक्के आणि निळ्याचा ६० टक्के भाग परत पाठविते, असे समजा. दिवसाच्या उजेडात तिन्ही प्रकाश प्रत्येकी १०० एकके असतील, तर डोळ्याकडे २०, ३० आणि ६० एकके येतात. रात्रीच्या पिवळ्या दिव्यात तांबडा २००, हिरवा १०० आणि निळा ३० एकके असेल, तर त्याच कापडावरून ४०, ३० आणि १८ एकके येतील. म्हणजे निळ्या कापडावरून येणाऱ्या प्रकाशात आता तांबडाच सर्वाधिक! एकट्या मापावर विसंबणारे यंत्र त्याला तांबूस ठरवील. पण शेजारी पांढरा कागद असेल, तर त्यावरून २००, १०० आणि ३० एकके येतात. कापडाच्या आकड्यांना कागदाच्या आकड्यांनी भागले की पुन्हा ०.२, ०.३ आणि ०.६ मिळतात. दिव्याचा वाटा दोहोंकडून उडाला आणि कापडाचा स्वभाव शिल्लक राहिला. शेव्रलच्या काळ्या धाग्याचेही कोडे तुलनेच्या याच तत्त्वाने सुटू लागते. शेजारच्या निळ्यामुळे निळ्या खात्यात धाग्याचा वाटा कमी आणि तांबड्या खात्यात तुलनेने अधिक भासतो. म्हणून नारिंगी झाक येते.

लँडचे प्रारूप मोहक असले, तरी ते अपुरे ठरले. १९८६ मध्ये ब्रेनार्ड आणि वँडेल यांनी दाखविले की, शेजारचे कागद बदलले की या प्रारूपाचे उत्तर जितके बदलते, तितके माणसाला दिसणारे रंग बदलत नाहीत. दुसरी एक सोपी कल्पना अशी की, समोरच्या दृश्यातील सर्व रंगांची सरासरी राखाडी असते, असे धरून चालावे आणि सरासरीत जी झाक दिसेल ती दिव्याची समजून वजा करावी. छायाचित्रक यंत्रांतील रंगसमतोलाच्या काही पद्धती या गृहीतावर चालतात आणि तेथेच त्या फसतात. चौकटभर केशरी साडी असेल, तर यंत्र तो केशरी दिव्याचाच समजून त्यातील काही भाग वजा करते आणि साडी फिकी येते. ग्राहकाला भ्रमणध्वनीवर मालाची छायाचित्रे पाठविणाऱ्यांनी चौकटीत कोऱ्या पांढऱ्या कागदाचा तुकडा ठेवला, तर यंत्राला आणि पाहणाऱ्यालाही दिव्याची वजावट करण्यास आधार मिळतो.

अनुभवाचे भांडवल

१९९७ मध्ये ब्रेनार्ड आणि फ्रीमन यांनी संभाव्यतेच्या गणिताचा आश्रय घेतला. त्यांच्या मते, हातातील माहितीवरून दिवा कोणता हे निश्चित सांगता येत नाही. परंतु कोणते उजेड आणि कोणती परावर्तने जगात अधिक आढळतात, याचा पूर्वानुभव असेल तर सर्वाधिक संभाव्य जोडी निवडता येते. पतपेढीचा अधिकारी अर्जदाराच्या कागदपत्रांबरोबर त्याचा पूर्वेतिहासही पाहतो, तसेच हे आहे. कागदपत्रे स्पष्ट असतील तर पूर्वेतिहासाचे महत्त्व थोडे. ती संदिग्ध असतील तर निर्णय त्यावरच फिरतो.

याची प्रचिती फेब्रुवारी २०१५ मध्ये साऱ्या जगाला आली. ब्रिटनमधील एका पोशाखाचे छायाचित्र प्रसृत झाले. कोणी तो निळा-काळा आहे म्हणे, कोणी पांढरा-सोनेरी. आणि एकाच घरातील माणसे एकच चित्र पाहून भांडू लागली. प्रत्यक्ष पोशाख निळा-काळा होता. छायाचित्रातील उजेड संदिग्ध होता, हे त्याचे कारण. पोशाख निळसर सावलीत आहे असे ज्यांच्या मेंदूने धरले, त्यांनी निळा वजा केला आणि त्यांना पांढरा-सोनेरी दिसला. ज्यांच्या मेंदूने पिवळसर उजेड धरला, त्यांना निळा-काळा दिसला. पास्कल वालिश यांनी २०१७ मध्ये हजारो लोकांच्या उत्तरांवरून असे मांडले की, पहाटे उठणाऱ्यांचा कल पांढऱ्या-सोनेरीकडे आणि रात्री जागणाऱ्यांचा निळ्या-काळ्याकडे अधिक असतो. आयुष्यात कोणता उजेड जास्त पाहिला, याचा मेंदूच्या अंदाजावर परिणाम होत असावा, हे त्यावरून सुचते.

अलीकडे मेंदूच्या धर्तीवर रचलेली संगणकीय जाळी या कामास लागली आहेत. टोरांटो विद्यापीठात तयार झालेल्या आणि २०१२ मध्ये गाजलेल्या एका जाळ्याला लक्षावधी छायाचित्रांतील वस्तू ओळखावयास शिकविले होते. रंगाविषयी त्याला वेगळे काही सांगितले नव्हते. तरीही त्याच्या पहिल्या थरात काही घटक केवळ रंगविरोध टिपणारे, तर काही केवळ उजेड-अंधाराच्या कडा टिपणारे बनले. वस्तू ओळखण्याच्या गरजेतूनच अशी कामाची वाटणी आपोआप होऊ शकते, याचा हा बोलका पुरावा होय.

गणिताच्या पलीकडे

या सर्व प्रगतीला एक मर्यादा आहे आणि ती एका दुर्दैवी घटनेने अधोरेखित केली आहे. १९८६ मध्ये अमेरिकेतील एका ६५ वर्षांच्या चित्रकाराला मोटार अपघातानंतर सारे जग काळे-पांढरे आणि करडे दिसू लागले. मज्जाविकारतज्ज्ञ ऑलिव्हर सॅक्स यांनी त्याचा वृत्तान्त लिहिला आहे. त्याच्या डोळ्यांतील शंकुपेशी शाबूत होत्या. मेंदूतील रंगाचा हिशेब करणारा भाग मात्र निकामी झाला होता. अन्न करडे दिसू लागल्याने त्याला जेवण नकोसे होई आणि तो डोळे मिटून जेवी. आयुष्यभर रंगांवर जगलेल्या माणसाची रंगांची आठवणही हळूहळू पुसट झाली. आकडेमोड करणारे यंत्र निळ्याचा आकडा बरोबर सांगू शकते. परंतु तो हरवल्याचे दुःख त्याला होत नाही. आकड्यांचा अनुभव कसा होतो, या प्रश्नाला अद्याप कोणतेही प्रारूप हात घालू शकलेले नाही.

तरीही जेवढे कळले आहे, तेवढे व्यवहारात मोलाचे आहे. रंगाच्या जुळणीवरून खरेदीदार आणि विक्रेता यांचे खटके उडतात, माल परत येतो, वर्षांचे संबंध तुटतात; आणि बहुतेक वेळा दोन्ही बाजूंस वाटते की, समोरचा खोटे बोलत आहे. डोळा मोजत नसून अनुमान करतो, हे एकदा ध्यानात घेतले की तंट्याचे स्वरूपच पालटते. कोणत्या उजेडात रंग जुळावयास हवा, हे सौदा करतानाच ठरवावे. नमुना आणि माल राखाडी पार्श्वभूमीवर, शेजारी दुसरा भडक रंग न ठेवता, एकाच वेळी पाहावा. एकदा दिवसाच्या आणि एकदा दिव्याच्या उजेडात तो तपासावा. शक्य असेल तेथे रंगमापक यंत्राचा आकडा करारात लिहावा. एवढी खबरदारी घेऊनही मतभेद उरलाच, तर समोरच्याच्या सचोटीवर शंका घेण्यापूर्वी त्याच्या मेंदूने कोणता उजेड वजा केला असेल, याचा विचार करावा.